पुरणाच्या कुकरातलं हॅम

ही गोष्ट सांगायची मी बरीच वर्षं टाळली. तशी आमच्या नातेवाइकांत ती सगळ्यांना पाठ आहे. लग्नकार्यात जेवणं आटोपली, सुपारी फिरू लागली, की कोणीतरी म्हणतंच, "ते कुकरचं सांगा ना." मग माझी बहीण सांगते आणि मी शेजारी बसून मान हलवतो. हसायच्या जागी बरोबर हसतोही. बहिणीच्या गोष्टीत मी फार चांगला माणूस आहे. इतका, की ऐकणाऱ्यांतली एखादी बाई माझ्याकडे वळून म्हणते, "सासरा असावा तर असा." आयुष्यात माझ्याविषयी कोणी सांगावं असं फारसं काही घडलेलं नाही. त्यामुळे जी एक गोष्ट सांगितली जाते ती खोटी आहे, हे म्हणायला माझी जीभ कधी वळली नाही.

आता सत्तरी ओलांडली आहे. गोष्ट जशी घडली तशी सांगतो.

आम्ही मूळचे विणकर. वडील हातमागावर लुगडी विणत. मी सरकारी कचेरीत कारकून झालो आणि मागाशी माझं नातं एवढंच उरलं, की कोणी साडी दाखवली तर पदर दोन बोटांत धरून जाणकारासारखं "हं" म्हणायचं. घराण्याची एक विद्या मात्र मी सोडली नाही. आमच्यात रविवारचं मटण पुरुष शिजवतो. तेल तरंगलं पाहिजे, मसाला काळा पडला पाहिजे आणि खाणाऱ्याच्या कपाळावर घाम आला पाहिजे. या एका बाबतीत मी स्वतःला कलावंत समजत असे.

बायको माळकरी घरातली. गळ्यात तुळशीची माळ. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात आमचा तह झाला. मटण मागच्या आंगणात, वेगळ्या शेगडीवर, वेगळ्या गंजात. गंज म्हणजे आमच्याकडे मोठं पातेलं. तो गंज, ती पळी, ते ताट यांनी घराचा उंबरा ओलांडायचा नाही. मीही जेवल्यावर हात-तोंड धुऊन, चूळ भरूनच आत यायचं. आमचा संसार सुखाचा झाला असं लोक म्हणतात. त्याचं बरंचसं श्रेय त्या उंबऱ्याला आहे.

आतल्या स्वयंपाकघरात, वर सज्ज्यावर, बायकोचा मोठा कुकर असे. जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, जुन्या घाटणीचा, पोटात एखादं मूल बसेल एवढा. तो वर्षातून एकदाच खाली यायचा, महालक्ष्म्यांना. पुण्याकडे ज्यांना गौरी म्हणतात त्या. आमच्याकडे तो दिवाळीपेक्षा मोठा सण. पुरणाची डाळ त्याच कुकरात शिजायची आणि पहिला घास देवींना दाखवेपर्यंत बायको बोटसुद्धा चाटत नसे. एरवी त्या कुकराकडे कोणी पाहायचंही नाही.

आता सून. मुलाने कामठीच्या मुलीशी कोर्टात लग्न केलं. मुलगी ख्रिस्ती, वडील फौजेतून निवृत्त झालेले. मी पहिल्याच दिवशी जाहीर केलं, "आपल्याले काही प्रॉब्लेम नाही." हे मी इतक्या लोकांना सांगितलं, की त्यांना प्रॉब्लेम असल्याची शंका येऊ लागली. बायकोने असं काही जाहीर केलं नाही. तिने सुनेला साडी-चोळी दिली, जेवू घातलं, आणि देवघरापासून व स्वयंपाकघरातल्या त्या सज्ज्यापासून थोडं लांब ठेवलं. सून वरच्या मजल्यावर राहायची. रोज संध्याकाळी खाली यायची, आमच्या उंबऱ्याशी टेकून बसायची आणि विचारायची, "आई, हे काय करून राहिल्या? मी करू?" बायको म्हणायची, "बस तू. थकून आली." पोरीला आत यायचं होतं. हे सगळ्यांना दिसत होतं, मलाही. आणि मी, सुधारक सासरा, बाहेर बसून पेपर वाचत होतो.

लग्नाच्या पुढच्या वर्षी तिची आई गेली. डिसेंबर आला तशी पोरगी गप्प झाली. एकदा आंगणात कपडे वाळत घालताना सहज बोलली, "मम्मी ख्रिसमसले हॅम बनवायची बाबा. आता डॅडी म्हणतात, बेकरीतून केक आणू, बस."

"हॅम म्हणजे?"

तिने सांगितलं. डुकराची मागची तंगडी मिठाच्या पाण्यात मुरवतात, मग उकडतात, मग वरून साखर-मोहरीचा लेप देऊन भाजतात, म्हणजे बाहेरून काचेसारखी चकाकते.

आमच्या घराण्यात बकरा चालतो, कोंबडा चालतो, नदीचा मासा चालतो. डुक्कर म्हटलं, की माझे वडील थुंकत. पण मी कलावंत. मला वाटलं, तंगडी ती तंगडी. मी म्हटलं, "आपण बनवू."

ती हसली. "बाबा, तुम्ही?"

"काहून? मटण कोण बनवते या घरात?"

बायको त्या आठवड्यात उमरेडला तिच्या बहिणीकडे जाणार होती. जाण्याआधी मी तिची परवानगी घेतली. हे मला मुद्दाम नोंदवायचं आहे, कारण या प्रकरणात मी सरळपणे केलेलं हे एकच काम. ती पिशवी भरता भरता म्हणाली, "पोरीच्या मायची आठवण हाय. करा. पण बाहेर करा. गंजात."

"गंजातच," मी म्हटलं.

शहराच्या सदर वस्तीत एका दुकानात हॅम मिळालं. गुलाबी, थंडगार, हाडासकट. मी ते कापडी पिशवीत घालून शेअर ऑटोत मांडीवर घेऊन बसलो. शेजारच्या म्हाताऱ्याने विचारलं, "काय हाय गा पिशवीत? लयच जपून राहिले."

"कोहळं," मी म्हणालो.

"कोहळ्याले पाय असते का?" तो म्हणाला आणि बाहेर बघू लागला. हाड पिशवीतून बाहेर आलं होतं.

कृती मी मोबाईलवर शोधली. एक गोरी बाई प्रेशर कुकरमध्ये हॅम करत होती. इंग्रजी मला समजतं, म्हणजे कचेरीच्या कागदातलं समजतं. ही बाई भराभर बोलत होती आणि मध्येच स्वतःशीच हसत होती. मुख्य अडचण वेगळीच होती. तिच्या कुकराला शिट्टी नव्हती. बटण दाबलं, काटा फिरला, झालं. आम्ही सगळं शिट्ट्यांवर मोजतो. भात, डाळ, मटण, बटाटे, प्रत्येकाच्या शिट्ट्या ठरलेल्या. बिनशिट्टीच्या कुकराचं माप आपल्या कुकरात कसं आणायचं, हे मला कोणी सांगेना. शेवटी मी ठरवलं, की म्हाताऱ्या बोकडाच्या खुरांना जेवढ्या देतो तेवढ्या द्यायच्या.

सून आणि मुलगा कामावर गेले. मी शेगडी पेटवली, गंज ठेवला, हॅम त्यात घातलं. अर्धं आत, अर्धं बाहेर. झाकण ठेवलं तर हाडावर डुलू लागलं. माझा मटणाचा छोटा कुकर आणला, त्यात तर हॅम नुसतं टोपीसारखं बसलं. हाड तोडावं म्हणून कोयता शोधला, तो सापडला नाही. मी आंगणात उभा होतो, हातात डुकराची तंगडी, आणि भिंतीवर मांजरी जमू लागल्या होत्या.

तेव्हा मला सज्जा आठवला.

माणूस पाप करताना फार शास्त्रीय होतो. मी मनाशी म्हणालो, जर्मन म्हणजे शेवटी धातू. धातूला काही लागत नाही. बँकेच्या नोटा कोणाकोणाच्या हातातून येतात, त्या आपण देवापुढे ठेवतोच ना? घासला की झाला स्वच्छ. स्टुलावर चढलो, कुकर उतरवला, उंबऱ्यावरून बाहेर नेला. सांगायला लाज वाटते, पण नेताना उंबऱ्याला हात लावून पाया पडलो.

हॅम त्यात असं बसलं, की जणू कुकर त्याच्यासाठीच घडवला होता.

पुढच्या चुका विद्येच्या. ते मांस आधीच मिठात मुरलेलं असतं, रात्रभर पाण्यात ठेवून मीठ काढावं लागतं, हे गोऱ्या बाईने बहुधा सांगितलं असावं. मी विणकराच्या घरचा. पाण्यात मांस टाकलं की हात मिठाकडे जातो. मूठभर मीठ घातलं, लवंगा, मिरे, तमालपत्र, आणि सवयीने चमचाभर काळा मसालाही. शिट्ट्या सुरू झाल्या. त्या थांबेनात, कारण मीच थांबवेना. पलीकडच्या घरातली वहिनी भिंतीवरून डोकावली.

"काय शिजवून राहिले भाऊजी? हत्ती?"

"मटण."

"मटण नाही हे. मटणाचा वास मले समजत नाही का? हे काहीतरी सायबाचं हाय."

कुकर उघडून पाणी चाखलं, तर समुद्र. मग घरगुती उपाय. भाजी खारट झाली की आपण कणकेचे गोळे टाकतो, ते मीठ ओढतात. मी कणीक मळली, गोळे टाकले. नवं पाणी, पुन्हा शिट्ट्या. गोळे फुटून पाण्याची पेज झाली आणि हॅमला चिकट अस्तर लागलं. ते मी नळाखाली धरून धुतलं, एखाद्या पोराला आंघोळ घालावी तसं.

चामडी मात्र सुरेख निघाली. खालच्या चरबीवर शंकरपाळ्याच्या चौकटी कापल्या, प्रत्येक चौकटीत एक लवंग टोचली. लेपाची मला भीती नव्हती. डिसेंबरात आमच्याकडे संत्र्यांना तोटा नाही. रस काढला, गूळ टाकला, मोहरी वाटली, आटवलं. भट्टी नव्हती. पण बायको तिच्या रोजच्या कुकरात नानकटाई करते ती मी पाहिली होती. तळाला मिठाचा थर, त्यावर जाळी, शिट्टी काढून ठेवायची आणि झाकणाची रबरी रिंगही काढायची. शिट्टी मी काढली. रिंग विसरलो. लेप ओघळून मिठावर पडला, गुळाचा कोळसा झाला, धूर झाला. तो लवंगेचा, चरबीचा, जळक्या गुळाचा धूर झाकणात कोंडून ती रबरी रिंग त्यात पाऊण तास धुरी घेत बसली.

ख्रिसमसला दुपारी ताट मांडलं. हॅम चकाकत होतं, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. एका अंगाने काळं झालं होतं, ती बाजू मी भिंतीकडे वळवली. सुनेने पहिला तुकडा तोंडात घातला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"खारट झालं का बेटा?"

तिने मान हलवली. "लई खारट हाय बाबा." मग नाक पुसून हसली. "मम्मीचंही खारटच व्हायचं. डॅडी दरवर्षी भांडायचे."

तिने आणखी एक तुकडा घेतला. मुलगा पाण्याचे पेले भरत राहिला. मीही खाल्लं. वडिलांची मनात माफी मागितली आणि दुसरा तुकडा घेतला. हात धुताना सून म्हणाली, "एवढं मोठं शिजवलं कशात बाबा?"

"गंजात," मी म्हटलं.

बायको उमरेडहून परतण्याआधी कुकर चिंचेने घासला, मिठाने घासला, लिंबाने घासला. तळाला एक काळा डाग राहिला तो राहिलाच. रिंग साबणाने धुतली आणि हुंगून पाहिली. मला काही वास आला नाही. येणार कसा? इतकी वर्षं तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊन माझ्या नाकाला आता गुलाब आणि गटार सारखंच. सीताबर्डीला कुठल्याही भांड्याच्या दुकानात नवी रिंग मिळते. जाऊन यायला दुपार पुरली असती. पण दुकानदार विचारेल कोणत्या कुकराची, मग झाकण न्यावं लागेल, मग रस्त्यात कोणी भेटेल. असा लांबवर विचार करून मी गेलो नाही. झाकण घट्ट लावलं, कुकर सज्ज्यावर ठेवला, आणि या घरात कोणालाच काही कळत नाही अशा समाधानाने झोपलो.

बायकोने आल्यावर विचारलं, "झालं का ते?"

"एकदम मस्त. पोरगी रडली."

"गंजात केलं ना?"

"मग?"

तिने सुनेला खाली बोलावलं आणि तिच्या केसांना तेल लावून दिलं. त्याआधी तिने असं कधी केलं नव्हतं. माझ्या हॅममुळे घर जुळलं, असं मी बहिणीला फोनवर सांगितलं. पुढे बरेच महिने सांगत होतो.

भाद्रपदात महालक्ष्म्या आल्या. बायको उपरण्याने मुखवटे पुसत होती. मध्येच मान वर न करता म्हणाली, "या वर्षी आंबील तू कर वं."

आंबील म्हणजे ज्वारीच्या पिठाची आंबट पेज. नैवेद्याच्या ताटात ती नसेल तर आमच्याकडे ताट पुरं होत नाही. सून दारातच उभी राहिली. "मी? आई, आतमध्ये?"

"मग काय आंगणात करते? आंघोळ करून ये सकाळी. धुतलेलं पातळ नेस."

त्या संध्याकाळी ती उमरेडच्या मावशीला फोन करून आंबिलीत ताक आधी की पीठ आधी हे विचारत होती. जिन्यावरून आवाज येत होता. लग्न होऊन तिला तिसरं वर्ष सरत आलं होतं आणि घरात ती आता येत होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे माझी बहीण आली. सण तिच्या देखरेखीशिवाय होत नाही. सून ओल्या केसांनी, हिरव्या पातळात, आंबील ढवळत बसली होती. मुलाने कुकर उतरवून दिला. बायको झाकणाशी झटताना पुटपुटली, "मी तर झाकण उलटं ठेवत असते. हे बंद कोनं केलं?" पण घाई होती. तिने कुकर विसळला, डाळ घातली, शेगडीवर चढवला.

मी बाहेर तोरण बांधत होतो. पहिली शिट्टी झाली आणि माझ्याही मेलेल्या नाकाला ते कळलं. लवंग, धूर, आणि त्याखाली ते दुसरं. पुरणाच्या वाफेवर बसून ते घरभर फिरलं, देवघरात गेलं, मुखवट्यांपाशी गेलं.

मी आत आलो तेव्हा कुकर उतरलेला होता. बायकोने झाकण उघडून रिंग काढली होती आणि ती नाकाशी धरली होती. तिचा चेहरा रागाचा नव्हता. आपल्याच माणसाने आपल्याला ओळखू नये, तेव्हा होतो तसा झाला होता.

"या कुकरले कोनं हात लावला?"

तिने रिंग सगळ्यांपुढे धरली.

"मी विचारून राहिली. कोनं लावला?"

बहीण कमरेवर हात ठेवून म्हणाली, "या घरात डुकराचं कोन खाते, हे विचारा लागते का वहिनी? कामठीवरून आलं ते."

बायकोने सुनेकडे पाहिलं. आणि सुनेने माझ्याकडे. तिच्या हातात पळी होती. तिने तो वास ओळखला होता, ते हॅम तिने खाल्लं होतं, आणि गंज कोण म्हणालं होतं हेही तिला आठवत होतं. ती थांबली. मला बोलायला जागा देऊन थांबली.

मी बोललो. त्याचीच तर गोष्ट झाली आहे. पुढे येऊन, घसा साफ करून, घरातल्या कर्त्या पुरुषाच्या आवाजात मी म्हणालो, "जाऊ दे वं. लेकरू हाय. तिले काय माहीत आपलं सोवळं? चूक मानसाच्याच हातून होते. सणाच्या दिवशी कोनाले काही बोलू नका. मी म्हणतो म्हणून माफ कर तिले."

हे मी ठरवून बोललो नाही. तोंड उघडलं तेव्हा मला खरंच वाटलं होतं, की आता खरं येईल. पण तोंडातून क्षमा आली, आणि तीसुद्धा दुसऱ्याला.

सुनेने पळी खाली ठेवली. "चुकलं आई," ती म्हणाली.

"पाहा," माझी बहीण म्हणाली, "सासरा असावा तर असा."

बायकोने डाळ गाईला घालायला लावली. पितळी पातेल्यात नवी डाळ चढली. ती आंबीलही तिने ओतून दिली. कोणाकडे न पाहता. मग पुन्हा स्वतः केली. सून वर निघून गेली. ती गेली हे कोणी पाहिलं नाही असं सगळ्यांनी दाखवलं. त्या दिवशी बायकोने उपास धरला. देवींसमोर हात जोडून ती पुटपुटत होती ते मी ऐकलं. "अजाण हाय पोरगी. तिच्यावर राग धरू नको माय."

मी तिथेच मागे, पंचा नेसून, हात जोडून उभा होतो. मीही पुटपुटलो. काय ते आठवत नाही. बहुधा आरतीच.

पुढचं लवकर सांगता येतं. बायको सुनेशी कधी वाईट वागली नाही. आजारपणात तिच्यासाठी पेज करायची, वर पाठवायची. पण महालक्ष्म्यांच्या तीन दिवसांत सून वरच बसायची. पहिल्या वर्षी तिने जिन्यावरून विचारलं, "आई, काही करू?" बायको म्हणाली, "नको बाई. बस तू." दुसऱ्या वर्षी तिने विचारलं नाही. मुलाने मला एकदा हळूच विचारलं, "बाबा, ते तुम्हीच केलं होतं ना?" मी म्हटलं, "जुनं उकरून काय भेटते?" तो माझाच मुलगा. गप्प बसला. नंतर त्यांनी सदरला फ्लॅट घेतला. ऑफिस जवळ पडतं म्हणाले.

बायकोला सांगायला मला संधी नव्हती असं नाही. रोज होती. शेवटच्या आजारात मी तिच्या उशाशी बसून असे. एकदा ती म्हणाली, "काही सांगून राहिले का?" मी म्हटलं, "दूध घेते का?" ती गेली. जाईपर्यंत तिच्या लेखी कुकर सुनेनेच बाटवला होता आणि तिचा नवरा मोठ्या मनाचा होता. यातलं एकही खरं नव्हतं.

वर्षश्राद्ध झालं. भाद्रपद जवळ आला तसा बहिणीचा फोन आला. "महालक्ष्म्या बंद पडतीन का? सासूकडून सुनेकडे जातात त्या. सांग तिले." "कामठीवरून आलं ते" म्हणणारी हीच बहीण.

सीताबर्डीला मेट्रो बदलून मी सदरला गेलो. वाटेत वाक्य तयार केलं होतं. शेजारी बसलेल्या मुलीने माझे ओठ हलताना पाहून कानातलं गाण्याचं यंत्र काढलं आणि विचारलं, "काही म्हणालात का आजोबा?" म्हणजे वाक्य बऱ्यापैकी पाठ झालं होतं.

सुनेने दार उघडलं. केस पांढरे होऊ लागले आहेत तिचे. पाणी दिलं, चहा ठेवला, पंख्याचा वेग वाढवला. मी महालक्ष्म्यांचं काढलं. आपल्या घरात पुढे कोणी तरी करायला पाहिजे, असं काहीतरी म्हणालो.

ती ओट्याशी उभी राहून चहा गाळत होती. "मी केलं असतं बाबा," ती म्हणाली. "खरंच केलं असतं. पण मले येतच नाही. आईनं शिकवलंच नाही ना."

टोमणा नव्हता त्यात. टोमणा असता तर मी सुटलो असतो. भांडणात माणूस खरं बोलून जातो. तिने जे होतं ते सांगितलं. गॅस संपला, दूध नासलं, तसं.

चहा पुढे आला. मी बशीत ओतला. वाक्य जिभेवर होतं.

"बाबा, काही म्हणून राहिले होते?"

"साखर बरोबर आहे," मी म्हणालो.

ती शेजारी येऊन बसली. मुलगा यायला अजून वेळ होता. घरात आम्ही दोघंच. यापेक्षा सोपी वेळ देव कोणाला देत नाही. मी चहा संपवला, बशी पुसल्यासारखी कोरडी केली, उठलो, चपला घातल्या. ती लिफ्टपर्यंत आली. दार बंद होताना म्हणाली, "सांभाळून जा बाबा." मी हात वर केला. आशीर्वाद दिल्यासारखा. तेवढंच मला जमतं.

जे म्हणायचं होतं ते असं होतं: बेटा, कुकर मी काढला होता. हे तुला माहीत आहे, म्हणून त्याची माफी मागून काही होत नाही. त्या सकाळी तू माझ्याकडे पाहत थांबलीस, आणि मी तुझ्यासाठी माफी मागितली. ती तुझी नव्हती, माझी होती. तुझी आंबील ओतली गेली तेव्हा मी तोरण बांधायला परत बाहेर गेलो. मला माफ कर.